आईचे शुद्ध मराठी

संत्र्याची ताजी साल ज्योतीसमोर धरून चिमटीत दाबली, तर तिच्यातून उडणारे तेल पेट घेते. बारीक ठिणग्या तडतडतात आणि क्षणात विझतात. परवा घरून आंबिया बहाराच्या संत्र्यांची पेटी आली, तेव्हा हा प्रयोग मी सागरच्या प्रयोगशाळेत, स्पिरिटच्या दिव्यावर, माझ्याबरोबर एम. एस्सी. करणाऱ्या मुलींना करून दाखवला. त्या सगळ्या सागर-दमोहकडच्या. त्यांना ठिणग्यांचे कौतुक वाटले. मी मात्र मागे रेंगाळणाऱ्या कडसर वासापाशी थांबले. वासाला शिस्त नाही. क्रम, कारण, संदर्भ यांतले काहीही न विचारता तो थेट आत शिरतो. राज्यांची पुनर्रचना झाली त्या वर्षीचा बहार त्याने सबंधच माझ्यापुढे आणून ठेवला, पानांवरच्या धुळीसकट.

त्या हंगामात मी अभिनय शिकत होते.

हे वाक्य ऐकून लोक चमकतात, कारण माझ्याविषयी त्यांची समजूत वेगळी असते. नागपूरहून बी. एस्सी. होऊन मी सौंसरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले होते. पुढे शिकायचे, संशोधन करायचे, हे ठरलेले होते आणि मधले वर्ष शाळेत काढायचे होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांनी एक नाटक करायचे ठरवले. त्यात एकच मोठी स्त्रीभूमिका होती आणि ती मला हवी होती. का हवी होती, याचे प्रामाणिक उत्तर फारसे शोभादायक नाही. जिथे एक जागा असेल तिथे ती आपली, अशी मला शाळेपासून सवय होती.

नाटक लिहिले होते पांढुर्ण्याच्या नानाजींनी, आणि कोणाला कोणती भूमिका द्यायची हेही तेच ठरवणार होते. ऐन उमेदीची वीस वर्षे त्यांनी एका फिरत्या नाटक मंडळीत स्त्रीभूमिका केल्या होत्या. बोलपट आले, मंडळी मोडली, आणि नानाजी गावी परतून संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका करू लागले. रविवारी मी सौंसरहून बसने पांढुर्ण्याला जाई. तालीम रोपांच्या वाफ्यातच होई. नानाजी उकिडवे बसून जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाची साल चाकूने चिरत, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा अलगद बसवत आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकत. पुढच्या रोपाकडे सरकता सरकता ते शिकवीत. वय साठीच्या पुढे, हाताला भेगा. पण कानामागे केस सारायचे असले की त्यांचे बोट असे काही वळे, की मला माझ्या स्वतःच्या बोटांची लाज वाटे.

"काय शिकली तू?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारले.

"पदार्थविज्ञान आणि रसायन."

"अन् आता नाटक कायले?"

"मला सगुणेची भूमिका हवी आहे."

"हवी आहे," त्यांनी ते शब्द आवळा चाखावा तसे जिभेवर फिरवले. "थे तुह्याच शाळेतली बोरगावची मास्तरीण, शांताबाई, तिले बी पायजे. तिले तोंड आहे. तुह्याजवळ काय आहे?"

"मी शिकू शकते."

"हे बरं सांगतलं," ते म्हणाले आणि चाकू पुसला.

सगुणा ही बेचाळीस सालातली एक शेतकरीण. हवालदार तिच्या नवऱ्याला धरायला दारात येतो आणि ती त्याला बोलण्यात गुंतवून ठेवते. गाईची, सासूची, पाटलाच्या भांडणाची, विहिरीत पडलेल्या घागरीची कथा ती सांगत सुटते. तेवढ्यात नवरा मागच्या कुंपणातून निसटतो. शस्त्र काय ते तिची बोली. ती थांबली तर नवरा सापडला.

मी तीन दिवसांत सगळे संवाद पाठ केले. शिवाय वहीत एक तक्ता केला. 'ला' असेल तिथे 'ले'. 'का' असेल तिथे 'काहून' अथवा 'कायले'. 'करते आहे' असेल तिथे 'करून राहिली'. नियम थोडे होते, अपवाद त्याहून थोडे. पुढच्या रविवारी मी सबंध प्रवेश एका दमात म्हणून दाखवला. नानाजींनी डोळा बांधता बांधता मान न उचलता ऐकले.

"एक बी चूक नाही," ते म्हणाले. मी सुखावले. "म्हणूनच खोटं वाटून राहिलं. तुही सगुणा हवालदाराले गुंतवून नाही राहिली, पोरी. थ्याचा वर्ग घेऊन राहिली."

मी म्हटले, की आणखी सराव करीन. त्यांनी मान हलवली.

"आयक. मी बाराव्या वर्षी कंपनीत गेलो. मास्तरनं छडी मारमारून माह्या 'ले'चा 'ला' केला. वीस वर्षं स्टेजवर असं शुद्ध बोललो, का पुण्याच्या बाया पदर सावरून ऐकत. पण पडदा पडला का लुगडं सोडून खुंटीले टांगाव, अन् थे बोलणं बी त्याच्यासंगच टांगाव. मंग पिठलं-भाकर खाव अन् आपलं बोलाव. तू लुगडं सोडतच नाही. झोपत बी त्याच्यातच असशीन."

"पण हीच माझी भाषा आहे," मी म्हणाले.

"असंन. मंग तुह्या मायची कोणती आहे?"

त्यांनी सोपटाची गाठ दातांनी आवळली आणि अट घातली. आईची तीन वाक्ये आणायची. दुसऱ्या कोणाला बोललेली नव्हे, मला बोललेली. आमच्या बागेतला संत्र्यांचा तोडा संपायच्या आत. नाही आणली तर सगुणा शांताबाईंची.

परतीच्या बसमध्ये मला हसू येत होते. इतकी सोपी परीक्षा मला कोणी कधी दिली नव्हती.

बसमध्ये त्या दिवसांत दुसरा विषय नसे. नागपूर तिकडच्या राज्यात गेले, आपण इकडच्या राज्यात राहिलो.

"म्हणजे आता सासुरवाडी परराज्यात गेली ना बापा," एक जण म्हणाला.

"बरं झालं. आता बायको माहेरी गेली का सांगता येते, परदेशात आहे म्हून."

"अन् संत्रा? थो तर नागपुरीच म्हणवते. त्याचं नाव बदलाव लागन का?"

"त्याले इचार. आंबट निंघाला तर समज, नाराज आहे."

सगळी बस हसली. मीही हसले, पण खिडकीकडे तोंड करून. बसमध्ये मोठ्याने हसणे मी वसतिगृहात असताना सोडून दिले होते. हे तेव्हा मला सुचले नाही. आता लिहिताना सुचते आहे.

आमची बाग मोहगावजवळ. शाळा सुटली की मी घरी येई आणि वही घेऊन चुलीपाशी बसे. आई बोलेल ते टिपून घ्यायचे, इतकेच काम. आठवडाभरात अकरा वाक्ये जमली. 'तुला आणखी एक भाकर वाढू का?' 'तुझी बस किती वाजता आहे?' 'उजेडात बसून वाच, डोळे दुखतील.' शनिवारी मी ती सगळी एकाखाली एक वाचली. अकरा वाक्यांत एकही 'ले' नव्हता. एकही 'राहिली' नव्हता. कोणत्याही क्रमिक पुस्तकात खपून जातील अशी ती वाक्ये होती.

पहिले अनुमान मी असे काढले, की आईची भाषा काळानुसार सुधारली आहे. अनुमानाची शहानिशा करायची, तर परिस्थितीतला एक घटक बदलून पाहावा लागतो. मी वही मिटली आणि मागच्या दाराआड उभी राहिले. अंगणात तोड्याला आलेल्या बाया जमल्या होत्या.

"अवं कौसल्ये, तुही सून कोठी आहे? दोन दिवसांपासून दिसून नाही राहिली!" ही आईच होती. आवाज बागेच्या टोकापर्यंत जाईल असा, भरघोस. मग बाबांना म्हणाली, "तुमी निस्ते चष्मा शोधून राहिले अन् थो तुमच्याच टाळक्यावर!" आणि गोठ्याकडे वळून म्हणाली, "सरक वं बाई, अंगावर येऊन राहिली, काय म्हणाव तुले!" हे म्हशीला.

म्हणजे भाषा सुधारलेली नव्हती. बायांशी, बाबांशी, म्हशीशी ती पूर्वीसारखीच बोलत होती. बदल एकाच ठिकाणी होता, जिथे मी होते तिथे. घरातल्या म्हशीला जे मिळत होते, ते मला मिळत नव्हते. आणि हे किती दिवस चालले होते, हे मला सांगता येईना, कारण मी ते ऐकलेच नव्हते. निरीक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या व्यक्तीच्या कानांदेखत.

आरंभ कुठे झाला असेल, ते मात्र मला ताबडतोब कळले. कळण्यासाठी विचार करावा लागला नाही, हेच वाईट.

वसतिगृहातले माझे ते पहिले वर्ष. आई पहिल्यांदाच एकटी रेल्वेने नागपूरला आली होती. खोलीच्या दारात हातात टोपली घेऊन उभी राहिली आणि घरच्यासारखीच मोठ्याने म्हणाली, "काय करून राहिली वं?" माझ्या खोलीतल्या दोघी मुली हसल्या. दुष्टपणाने नव्हे, एखादा गोड, नवा शब्द ऐकून हसावे तशा. त्यांचे हसू अजून ओसरले नव्हते, तेवढ्यात मी म्हणाले, "अभ्यास करते आहे, आई. आपण बसावे."

तोवर मी तिला माय म्हणत असे. आणि 'आपण' तर आमच्या घरात बाबांच्या कचेरीतल्या साहेबांनासुद्धा कोणी म्हटले नसते.

आई खाटेच्या कडेवर बसली. टोपलीवरचे फडके तिने काढले नाही. मुलींनी काही विचारले तर 'हो', 'नाही', 'बरं आहे' एवढेच बोलली. गाडीची वेळ झाली, तेव्हा थोडे थांबून, शब्द निवडून म्हणाली, "येते मी. तब्येतीची काळजी घे." मला हायसे वाटले होते. आई किती चटकन शिकली, असे वाटले होते. त्या दिवसापासून ती माझ्यासमोर रंगभूमीवर उभी होती आणि मी प्रेक्षागारात बसून समाधानाने मान डोलावत होते. तिला छडी मारणारा मास्तर मीच होते.

मी तिला सरळ विचारले. "तू माझ्याशी अशी का बोलतेस?"

"अशी म्हणजे कशी?" ती परातीत पीठ घेत म्हणाली. "नेहमीसारखीच बोलते. तुला उगाच वाटतं."

दुसरा उपाय म्हणून मी आपणच सुरुवात केली. "माय, मले भूक लागून राहिली, भाकर दे." नियमानुसार वाक्य निर्दोष होते. आई माझ्याकडे पाहून हसली. पाहुण्यांच्या मुलीने गाणे म्हटल्यावर हसावे तशी. "नाटकातलं का हे? छान जमलं," ती म्हणाली.

'छान' हा शब्द इतका लागू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

या सुमारास सगुणेची भूमिका मला अगदी नकोशी व्हायला हवी होती. तसे झाले नाही. उलट मी हट्टाला पेटले. पण हट्टाची दिशा बदलली होती. सगुणा हवीच होती. पण माझी आई तीन वाक्यांपुरती का होईना माझ्याशी बोलली नाही, तर ती भूमिका मला शांताबाईंच्या हातून हिसकावता येणार नव्हती, आणि हिसकावून उपयोगही नव्हता. मी नानाजींच्या सूचना पुन्हा मनात घोळवल्या. त्यांनी मला कधी रडायला, हसायला, चालायला शिकवले नाही. एकदा त्यांनी मला तासभर वाफ्याच्या कडेला नुसते बसवून ठेवले आणि शेवटी विचारले, "आता तुह्ये दोन्ही खांदे कोठी आहेत?" खांदे माझ्या कानांना टेकायला आले होते. "परीक्षा द्यायले बसली होती का?" ते म्हणाले. मला वाटते, मी चार वर्षे तशीच बसले होते.

तोड्याचे शेवटचे दोन दिवस उरले. कौसल्येच्या घरी पाहुणे आले, आणखी दोघी ताप येऊन पडल्या, आणि माल तर स्टेशनवर वेळेत पोचायला हवा होता. मी शाळेतून येऊन तशीच बागेत गेले. वही घरी राहिली. खरोखर विसरून राहिली. ठेवून गेले असते, तर तोही एक डाव झाला असता. उन्हे कलत होती. फांद्या फळांनी वाकल्या होत्या आणि पानांखाली एक दमट, कडवट गारवा होता. मी भराभर तोडत होते. मनात गणित चालले होते: एका झाडाला इतकी मिनिटे, तर राहिलेल्या झाडांना किती.

झाडाच्या पलीकडून एकदम आवाज आला.

"ओढून कायले राहिली वं! साल फाटून राहिली ना थ्याची! येवढी बुकं शिकली अन् संत्रा तोडता येत नाही, बह्याड कोठची!"

माझ्या हातातल्या फळाची देठाजवळची साल खरोखरच फाटली होती. संत्र्याचे कातडे सैल असते. ओढले की देठाशी फाटते आणि ते फळ वाटेतच सडते, सोबतच्या फळांनाही सडवते. हे मला लहानपणापासून माहीत होते. पानांच्या फटीतून आईचा चेहरा दिसला. आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आले होते. तिने ओठ मिटले, आणि मग माझ्यादेखत, खाली पडलेला पदर उचलावा तशी, ती शुद्ध भाषा पुन्हा अंगावर घेतली. "म्हणजे... देठ ठेवून तोडावं लागतं," ती म्हणाली.

त्या वेळी मी वाक्ये मोजली नाहीत. ती तीन होती, हे मला रात्री जेवताना कळले.

"चुकलं, माय," मी म्हणाले. तक्त्यातून नव्हे. "कसा तोडू? दाखव मले."

ती झाडाला वळसा घालून आली. माझे मनगट तिने धरले, बोटे फळाखाली नेली आणि देठाशी हलका पीळ दिला. फळ सुटून तळहातात आले, वर दोन हिरवी पाने. आम्ही शेजारशेजारच्या झाडांवर काम करू लागलो. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता, ती म्हणाली, "पायावर मुंग्या चढून राहिल्या तुह्या. झटक." मी झटकल्या. मग तिने कौसल्येच्या सुनेची हकीकत सांगायला घेतली. ती चांगली लांब होती.

रविवारी नानाजींनी विचारले, "आणलं?"

"आणलं."

"सांग."

"नाही सांगत."

त्यांनी चाकू खाली ठेवला. "काहून?"

"ते मले बोललं होतं. तुमाले नाही."

नानाजींनी पुढचे रोप ओढले. "पहिला प्रवेश घे," ते म्हणाले. "सावकाश घे. हवालदार कोठी पळून नाही राहिला."

शांताबाई रुसतील असे मला वाटले होते. त्यांनी हवालदार मागून घेतला, मिशा लावल्या आणि तालमीत मला असे काही दरडावले, की दोनदा मी खरोखरच संवाद विसरले. "आता बोल ना वं, सायन्सवाली!" त्या मिशांआडून म्हणत.

अभिनय म्हणजे दुसऱ्या कोणाचे रूप घेणे, असा माझा समज होता. आता मला वाटते, की ते फार पुढचे काम आहे. त्याआधी आपण कोणाकोणासमोर कोणते रूप घेऊन उभे आहोत, ते शोधावे लागते, आणि आपल्यापायी कोणाकोणाला रूप घ्यावे लागले आहे, तेही. पहिला शोध थोडा मजेचा असतो. दुसरा नसतो. प्रमाण भाषेशी माझे भांडण नाही. हा लेख मी तिच्यातच लिहिते आहे आणि नीट लिहिण्याचा प्रयत्न करते आहे. येथे सागरला दिवसभर हिंदी बोलावी लागते, तीही मी मेहनतीने शिकले. नागपूर परराज्यात गेले म्हणून माझे शिक्षण थांबणार नव्हते, आणि थांबलेले नाही. जितकी लुगडी नेसावी लागतील तितकी मी नेसेन. मात्र पडदा पडल्यावर ती सोडण्याचा सराव मी तितक्याच नेमाने करते. घरी लिहायच्या पत्रात मी 'तुले' लिहिते. लिहिताना अजूनही हात क्षणभर अडतो. अडला, की मी तो शब्द मुद्दाम मोठ्या अक्षरात काढते.

संमेलन दुपारी झाले, शाळेच्या पटांगणात. नाटकाविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. सगुणेने हवालदाराला थांबवून धरले आणि तिचा नवरा निसटला. घागरीच्या गोष्टीला लोक हसले, तेव्हा माझे खांदे कुठे होते ते मला माहीत होते. आई बायांच्या घोळक्यात कुठेतरी बसली होती. घरी परतताना बैलगाडीत सगळेच बोलत होते. ती नाटकाविषयी काही बोलली नाही आणि मीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीपाशी मोटेच्या बैलांची वाट पाहत उभी होती. मी जवळ जाऊन विचारले, "कसं झालं?"

"आवाज पोचला," ती म्हणाली. "मी साऱ्याच्या मागं होती. सारं आयकू आलं."

"अन्?"

"अन् काय. बेस झालं." मग तिला राहवेना. "पण एक सांग. हवालदाराशी बोलताना थो हात कमरेवर ठेवून कायले उभी होती? कोणती बाई उभी राहते अशी?"

"तू."

"मी? कधी?"

"रोजच."

"काहीबाही बोलून राहिली. म्या जल्मात नाही ठेवला."

"मंग आत्ता कोठी आहे तुहा हात?"

आईने खाली पाहिले. हात कमरेवरच होता. तिने तो काढला नाही. थोडा विचार केला आणि दुसराही उचलून कमरेवर ठेवला.

"हवालदार असला समोर," ती म्हणाली, "तर दोन्ही ठेवावं लागते."